पोलीस ठाण्यातली गोष्ट ठाण्याबाहेर सांगायची कशी? वाचकांची पत्रं, वकील साहेबांची उत्तरं

मागच्या अंकात पोरी फसवून बाहेर नेणाऱ्या दलालांबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली, काहींनी तर व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक व्हॉइस मेसेजच पाठवले. नावं-गावं काढली आहेत, भाषा आली तशीच ठेवली.

प्रश्न : साहेब, मी पोलीस शिपाई हाये, तेलंगणाच्या बॉर्डरजवळच्या ठाण्यात. आमच्या हद्दीतून पोरी जातात, कोनी कामाले, कोनी लग्नाले. माय-बाप रडत येतात, आमी मिसिंग लिहून घेतो आन् कागद तसाच पडून राह्यते. दलाल कोन हे साऱ्यायले माहीत हाये. त्याले आत घेतलं का नेत्याचा फोन येते आन् संध्याकाळी तो चहा पिऊन घरी. मी वर बोललो तर कायदा मले वाचवते काय, का डायरेक्ट बदली? — एक शिपाई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, आधी वाईट बातमी. तुमच्यासाठी म्हणून जो कायदा पाहिजे तो कागदावर आहे, पण चालू नाही. २००३ च्या नोव्हेंबरमधे बिहारमधल्या गयेला सत्येंद्र दुबे या हायवेच्या इंजिनिअरचा खून झाला, त्यांनी रस्त्याच्या कामातला घोळ थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता आणि माझं नाव गुप्त ठेवा असं सांगूनही ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. बोंबाबोंब झाली तेव्हा २००४ मधे केंद्राने ठराव काढला, की अशी तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे करा, नाव बाहेर जाणार नाही. पण तो केंद्राच्या खात्यांपुरता, राज्याच्या पोलिसाला त्याचा काही उपयोग नाही. मग २०१४ ला व्हिसलब्लोअर, म्हणजे आतला घोळ उघड करणाऱ्याच्या संरक्षणाचा कायदा संसदेत पास झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि लागू करायची अधिसूचना काही निघालीच नाही. सरकारं कोणतीही असो, या एका बाबतीत सगळ्यांचं जमते बाप्पा.

वरून १९६६ चा पोलिसांसाठीचा कायदा आहेच, परवानगीशिवाय पेपरवाल्यांशी बोलायचं नाही. म्हणून पत्रकार मित्राला स्टेशन डायरीचे फोटो पाठवायच्या भानगडीत पडू नका, दलाल राहील बाजूला आणि खातेनिहाय चौकशी तुमचीच लागेल.

आता दुसरी बाजू, जी ठाण्यात कोणी सांगत नाही. तुम्ही ज्या गुन्ह्याबद्दल लिहिलं तो साधा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, म्हणजे आधीच्या दंडसंहितेचं (आयपीसी) ३७०. त्यात सरळ लिहिलं आहे की माणसांच्या व्यापारात लोकसेवक किंवा पोलीस सापडला तर जन्मठेप, आणि ती १४ वर्षांवाली नाही, उरलेलं सगळं आयुष्य. या गुन्ह्याची खबर आली आणि नोंदवली नाही तर कलम १९९ खाली नोंद न घेणाऱ्यालाच ६ महिने ते २ वर्षं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एरवी सरकारी माणसावर खटला चालवायला सरकारची परवानगी लागते, तिथेच अर्ध्या केसेस मरतात, पण १४३ आणि १९९ ला ती परवानगी लागत नाही. हे २०१३ मधे, निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीच्या अहवालानंतर आलं आणि नवीन संहितेतही टिकलं.

पोरगी १८ च्या खालची असेल तर नुसतं मिसिंग लिहून भागतच नाही, अपहरण धरून गुन्हा नोंदवा असं सुप्रीम कोर्टाने २०१३ लाच सांगितलं, आणि चार महिन्यांत सापडली नाही तर तपास पोलिसांच्या मानवी वाहतूक (म्हणजे माणसांचा व्यापार) विरोधी कक्षाकडे गेला पाहिजे. म्हणजे तुमच्या हातात वाद घालायला नाही, लिहायला जागा आहे. मिसिंगचे नंबर, तारखा, वयं, कोणता दलाल कोणत्या दिवशी आणला आणि सोडला, एवढंच एका रिपोर्टमधे लिहा आणि एसपी साहेबांना व त्या कक्षाला पाठवा, पोच ठेवा. त्यात नेत्याबद्दल भाषण नको. पैशाचा व्यवहार डोळ्याने पाहिला असेल तर अँटी करप्शनचा १०६४, तो वेगळा दरवाजा आहे. ठाण्यातले ओरिजनल कागद मात्र घरी न्यायचे नाहीत.

बदलीचं म्हणाल तर ती होऊ शकते, खोटा धीर देत नाही. पण शिपायाला एका जागी साधारण ५ वर्षांची मुदत कायद्याने आहे, मधेच हलवायचं तर कारण लिहावं लागते, आणि ते पटलं नाही तर नागपूरला मॅटचं, म्हणजे सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे.

एक बाहेरची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या नेब्रास्काची पोलीसबाई, कॅथरिन बोल्कोव्हॅक. युद्धानंतर बोस्नियात संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस पथकात डाइनकॉर्प नावाच्या कंपनीमार्फत १९९९ ला गेली. तिथे तिला दिसलं की मोल्दोव्हा, युक्रेन, रोमानियाच्या पोरी बारमधे कोंडून ठेवल्या आहेत आणि गिऱ्हाइकांत आपल्याच पथकातले लोक आहेत. तिने २००० मधे ईमेल करून वरिष्ठांना कळवलं. आधी तिचं काम बदललं आणि २००१ ला कामावरून काढलं. कारण काय दिलं? टाइमशीटमधे खोटे तास लिहिले. पोरींबद्दल एक शब्द नाही, हजेरीवर पकडलं! २००२ मधे इंग्लंडच्या लवादाने कंपनीला दोषी धरलं आणि तिला सुमारे १,१०,००० पौंड भरपाई मिळाली, पण पोलिसाची नोकरी तिला परत काही मिळाली नाही. म्हणून सांगतो, रिपोर्ट पाठवायच्या आधी तुमची हजेरी, ड्युटी पास, प्रवासभत्त्याची (टीए) बिलं, मुद्देमालाचं रजिस्टर चोख करून ठेवा. हल्ला तिथूनच येते.

प्रश्न : वकील साहेब, मी अंगणवाडीत हाये. आमच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) एका पोरीचं राजस्थानात लग्न लावून देल्लं, वय १६. मधातल्या बाईनं बापाले पैसे देल्ले. पोरगी चोरून फोन करते, मले घेऊन जा म्हनते. ठाण्यात म्हनतात राजीखुशीनं गेली, लग्न झालं, आता काही होत नाही. — एक सेविका, झरी तालुका

उत्तर : ताई, ठाण्यात सांगितलं ते साफ चूक आहे. २००६ च्या बालविवाह कायद्याचं कलम १२ काढा. अल्पवयीन पोरीला लग्नासाठी विकलं असेल तर ते लग्न रद्दबातलच आहे, मुळात झालंच नाही असं धरायचं. आणि वर सांगितलेल्या न्याय संहितेच्या १४३ मधे पीडितेच्या संमतीला काही किंमत नाही, राजीखुशी हा शब्दच तिथे चालत नाही. गुन्हा राजस्थानात घडला, तिकडे जा असं म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, हद्द कोणतीही असो नोंद घ्यावीच लागते. नसतील घेत तर तोच मजकूर एसपींना पोस्टाने, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे. आपल्याकडे गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक, म्हणजे तुमची सही या कागदावर चालते, कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. आजच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि पोरगी ज्या नंबरवरून बोलते तो लिहून ठेवा. तिला मात्र परत फोन लावू नका, मोबाईल हिसकला तर तेवढाही धागा जाईल. बापाने पैसे घेतले म्हणून तुमचा जीव अडखळत असेल हे समजते, पण त्याचं काय करायचं ते कोर्ट पाहील, आधी पोरगी.

प्रश्न : आमदारच पाठीशी असन तर हे सारं करून फायदा काय? — एक तरुण, पांढरकवडा

उत्तर : तुमची चीड खरी आहे. कायद्याची एक गंमत सांगतो, माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्यावरच्या १९८४ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आमदार हा तेव्हाच्या दंडसंहितेच्या व्याख्येत लोकसेवक बसत नाही. म्हणजे लोकसेवकासाठीची ती जन्मठेप त्याच्यावर सरळ लावायला वकील भांडतील. पण मदत करणारा आणि कटातला आरोपी म्हणून तो येतोच, त्याला पदाचं कवच नाही. फक्त फोन आला हे सिद्ध कशाने करणार? ठाणेदार तर सांगणार नाही. कॉल रेकॉर्ड तपासात काढता येतात, पण मोबाईल कंपन्या ते जन्मभर ठेवत नाहीत, म्हणून तक्रारीत तारीख आणि अंदाजे वेळ लिहा आणि लवकर करा. नुसतं "नेत्याचा हात आहे" लिहिलं की ते पत्र वर्तमानपत्रालाही नको आणि कोर्टालाही.

प्रश्न : मिरची तोडाले तेलंगणात नेलं, आधी अ‍ॅडव्हान्स देल्ला, आता हिशोब करत नाही आन् येऊही देत नाही. — गडचिरोलीहून

उत्तर : उचल देऊन माणूस अडवून ठेवला तर ती वेठबिगारी, १९७६ पासून बंद आहे, आणि ती उचल फेडायची जबाबदारीही कायद्याने संपते. तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे सुटकेचं प्रमाणपत्र मागा, तात्काळ मदत ३०,००० रुपयांपर्यंत मिळते. अडकलेल्यांची नावं, आधार आणि शेताचं लोकेशन घरच्यांनी इकडच्या कलेक्टर ऑफिसलाही द्या, म्हणजे ते तिकडच्या ऑफिसशी बोलतील.

प्रश्न : नाव न टाकता अर्ज केला तर चालते का?

उत्तर : फोनवर चालते. १०९८ ला किंवा पोलिसांच्या ११२ ला नाव सांगायची सक्ती नाही, आणि खबर कोणी दिली हे पोलिसाला कोर्टातही सांगायला भाग पाडता येत नाही. लेखी निनावी अर्ज मात्र बहुतेक वेळा फाईलमधेच झोपतो. सही करा आणि पहिल्या ओळीतच नाव गुप्त ठेवायची विनंती लिहा. धमकी आली तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज होतो, तो जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जाते, ठाण्यात नाही.