कच्च्या केळ्यांची साल काळवंडते

प्रश्न : नर्मदाकाठची कच्ची केळी वडोदऱ्यात वेफरवाल्यांना देतो. उन्हाळ्यात टिकावीत म्हणून शीतगृहात ८ अंशांवर ठेवली, तर साल राखाडी पडली. गिऱ्हाईक भाव पाडतं. काय चुकलं?

उत्तर : थंडी बाधली. १३ अंशांखाली केळ्याला इजा होते. साल नखाने खरवडा, आत तपकिरी रेघा दिसतील. १३ ते १४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता ठेवा. पिकलेलं एकही केळं त्या खोलीत नको. त्यातून सुटणाऱ्या इथिलीन या पिकवणाऱ्या वायूने बाकीची पिकू लागतात, साखर वाढते आणि वेफर तळताना लाल होतो. मग वेफरवाला कुरकुरणारच! चिकाचे डाग वेगळे. त्यासाठी फण्या कापल्या की लगेच तुरटीच्या पाण्यात बुडवा, कापलेली बाजू खाली करून निथळवा. टेम्पोत घड रचण्यापेक्षा फण्या क्रेटमध्ये भरा, मध्ये कागद घाला.