घरची सगळी जबाबदारी अंगावर असताना ख्रिस्ती विश्वास कसा सांभाळायचा?

भाऊ, प्रभूत सलाम. तुम्ही लिहिलंय की माय अंथरुणावर आहे, शेत पाच एकर, वरून पीक कर्ज, आणि आठवडी बाजार रविवारचाच असल्याने उपासना चुकते, तर मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, म्हणतात तुमचा विश्वास थंडावला, चिंता प्रभूवर टाका. आता टाका म्हणजे नेमकं काय करायचं, हा तुमचा प्रश्न. मीही यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार आहे, म्हणून माझ्या घरात झालं तेच सांगतो.

२०१७ ला आमच्याकडे गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत सरकी पोखरलेली. पुढच्या ३१ मार्चला कर्ज भरणं झालं नाही. मी काय करायचो तर पहाटे ४ ला उठून गुडघे टेकायचो, उपास धरायचो, आणि बँकेच्या रस्त्याने जाणं मात्र बंद केलं होतं, त्यांचा फोन आला तरी उचलायचो नाही, घरी तर शब्द काढला नाही. मला तेव्हा खरंच वाटायचं की यालाच विश्वास म्हणतात. शेवटी नोटीस आली ती बायकोच्या हातात पडली. तिने भांडण नाही केलं, एवढंच म्हणाली, "तुम्ही देवाले सांगतलं, मले काऊन नाही सांगतलं?" आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

दोन दिवसांनी पाळक साहेब (आमच्या मंडळीचे धर्मगुरू) घरी आले आणि बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्राचा ६ वा अध्याय काढला. दुसऱ्या वचनात आहे एकमेकांची ओझी वाहा, आणि पाचव्यात आहे की प्रत्येकाने आपापला भार वाहावा. मी म्हटलं साहेब हे तर उलटंसुलटं झालं. ते म्हणाले मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, बारोस म्हणजे माणूस दबून जाईल असं वजन आणि फोर्तियोन म्हणजे ज्याने त्याने न्यायचं बोचकं. मला तर डोळ्यासमोर कापूस वेचणीच आली. आपल्याकडे वेचणाऱ्या बायांचं प्रत्येकीचं गाठोडं वेगळं असते, संध्याकाळी काट्यावर वेगळं लागते, मजुरी किलोवर, एकीचा कापूस दुसरीच्या नावावर जात नाही. पण तेच गाठोडं डोक्यावर घ्यायचं असलं की शेजारची हात लावतेच, एकटीने उचललं तर मान लचकते. मी दोन्हीकडून चुकलो होतो, गाठोडं धुऱ्यावर ठेवून देवाला म्हणत होतो तू ने, आणि हात लावायला कोणाला हाकही मारत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी बायको, साळा आणि मी बँकेत गेलो. बोलल्यावर हप्ते पाडून मिळाले, एक म्हैस विकावी लागली, दोन वर्षं ओढाताण झाली. तुमचं अजून थकीत दिसत नाही, तर ३१ मार्च चुकवू नका, वेळेत भरलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला व्याज पडत नाही (राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत आहे ना, त्यात), आणि थकलं की ती सवलत जाते. प्रार्थना जरूर करा, मी अजूनही पहाटेच करतो, फक्त आता रकमेसकट सगळं बोलतो आणि म्हणतो प्रभू आज बँकेच्या साहेबासमोर तोंड उघडायला बळ दे. मग आंघोळ करून निघतो.

मायबद्दल मात्र मन खाऊ देऊ नका. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात ५:८ ला प्रेषित पौल स्पष्ट सांगतो की जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात तर प्रभू येशू अशाच लोकांवर चिडतो जे आईबापाला म्हणायचे तुम्हाला द्यायचं होतं ते कुर्बान झालं, देवाला वाहिलं. आणि वधस्तंभावर जीव जात असताना त्याने स्वतःच्या मायची सोय शिष्याकडे लावली, मग तुम्ही मायचं अंग पुसताना उपासना चुकली असं कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही.

पण बाजारामुळे मंडळी सोडून देऊ नका, एकटा माणूस लवकर वाळतो. वेचणीच्या दिवसात आमची प्रार्थना बुधवारी रात्री ८ ला कोणाच्या तरी अंगणात होते, तुमच्या पाळकांना तसं विचारून पाहा. मायसाठी प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घरी आणायला पाळकांना सांगा, ते येतात, मागावं मात्र लागते. आणि जे म्हणतात विश्वास थंडावला त्यांनाच म्हणा की महिन्यातून एक रविवार दोन बाया मायजवळ बसा, मी उपासनेला येतो, बाजार एक दिवस भाऊ पाहील. रागाने नका म्हणू, खरोखर हाक मारा.

माय उठून बसते का आता? तेवढं कळवा, या बुधवारी आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करू.