किलिमांजारोसाठी ५ दिवसांचं पॅकेज स्वस्त पडतंय, घेऊ का?

नको, प्लीज नका घेऊ. किलिमांजारोचं सर्वात उंच टोक, उहुरू शिखर, ५८९५ मीटरवर आहे आणि वाट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाहीये, दोर वगैरे काही लागत नाही, जे लोक परत फिरतात ते बहुतेक वेळा विरळ हवेमुळे, म्हणजे डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि ५ दिवसांत शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. निदान ७ दिवसांचा माचामे मार्ग नाहीतर ८ दिवसांचा लेमोशो मार्ग बघा. त्यात एक दिवस लाव्हा टॉवरला साधारण ४६०० मीटरपर्यंत चढवतात आणि झोपायला खाली बारांको कॅम्पला, ३९०० च्या आसपास आणतात, हा दिवस खूप कामाचा. कळसूबाई १६४६ मीटर, त्यामुळे सह्याद्रीत कितीही पळत असाल तरी तिथे गाइड 'पोले पोले' म्हणजे हळूहळू म्हणाला की हळूच चाला.

गाइड तर सक्तीचाच आहे. शेवटची चढाई मध्यरात्री सुरू होते, कडाक्याची थंडी असते, तेव्हा डोकं दुखतंय हे त्याच्यापासून अजिबात लपवू नका. डायमॉक्सचं, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळीचं, डॉक्टरांना आधी विचारा.

आणि हो, बुकिंगआधी पोर्टरना मजुरी किती, जेवण किती वेळा हे विचाराच. त्यांच्या ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे, पॅकेज फार स्वस्त असलं की बऱ्याचदा त्यांचंच पोट मारलेलं असतं.