अब्बा लस घ्यायला तयार नाहीत, कसं समजावू?

प्रश्न: डॉक्टर, मी मालेगावचा. अब्बा ६२ वर्षांचे, शुगर आहे, अजून लूम (यंत्रमाग) चालवतात. आमचे डॉक्टर म्हणाले फ्लूची लस घेऊन टाका, तर अब्बा ऐकतच नाहीत. कोव्हिडच्या वेळीही तसंच, 'आपल्याच मोहल्ल्यात एवढा आग्रह का' म्हणायचे. धर्माचं कारण असेल तर मी काय बोलू?

उत्तर: धर्मावर लगेच जाऊ नका हो. हजला जायचं तर मेनिंजायटिसची लस घ्यावीच लागते, सौदीची अटच आहे, आणि ती घेताना कुरकुरणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही. अब्बांना शंका आहे ती लस घेऊन दारात कोण आलंय याची, आणि ती शंका उगाच नाही. २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीत निजामुद्दीनला तबलिगी जमात या धार्मिक संघटनेच्या मेळाव्यात कोव्हिड पसरल्याचं प्रकरण झालं, टीव्हीवर दिवसरात्र एका समाजाच्या नावाने ओरड चालली, पुढे ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे एफआयआर रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याची शक्यता कोर्टानेच बोलून दाखवली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नंतर वर्षभरात सरकारी माणसं लस घ्या म्हणत दारात उभी, मग माणूस बिचकणारच ना. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले होते, मुस्लिम वस्त्यांत लोक कचरतात म्हणून सलमान खानची मदत घेऊ. माझं स्पष्ट मत, अब्बा ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं शुगर दाखवतात त्या डॉक्टरांच्या शब्दाला जास्त वजन आहे.

आणि मजुरीचं विचारलंत का? लूमवर जेवढं कापड तेवढे पैसे, लस घेऊन अंग दुखलं, कणकण आली की खाडा, आणि हे कारण घरात मुलासमोर बोलायला बापाला जड जातं. गुरुवारी संध्याकाळी न्या, शुक्रवारी लूम बंदच असतात.

लसीत डुकराचं जिलेटिन असतं, म्हणून ती हराम, अशी शंका असेल तर कोव्हिशिल्ड, कोव्हॅक्सिनमध्ये ते नव्हतं, पण काही लसींत असतं हेही खरं, त्यामुळे 'अफवा आहे सगळी' म्हणून उडवून लावू नका, जी लस देणार तिच्या खोक्यातला कागद डॉक्टरांकडून वाचून घ्या, अब्बांसमोरच.

व्हॉट्सॲपचे व्हिडिओ दाखवत बसू नका. त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. शुगरवाल्याचा फ्लू न्यूमोनियावर जाऊ शकतो म्हणून तुमची घाई कळते मला, पण ही लस दरवर्षी घ्यायची असते, यंदा भांडून टोचलीत तर पुढच्या वर्षी ते दवाखान्याची पायरीही चढणार नाहीत.