व्हर्च्युअल बॉयवरचा वारिओ लँड एवढा भारी होता म्हणतात, मग तो कुणी खेळलेलाच कसा नाही?

तुम्ही विचारलंय की या गेमचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं पण प्रत्यक्ष खेळलेला माणूस एकही भेटत नाही, असं का. गेम खरंच चांगला आहे, पण तो निन्टेंडो या जपानी कंपनीच्या व्हर्च्युअल बॉय या गेम खेळायच्या मशीनसाठी केला होता आणि ते मशीनच बुडालं. माझा फार लाडका गेम आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वारिओ म्हणजे मारिओचा तो जाड्या, पैशाला हपापलेला शत्रू. 1992 च्या सुपर मारिओ लँड 2 मध्ये व्हिलन म्हणून आला आणि लोकांना इतका आवडला की 1994 मध्ये गेमबॉय या निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या मशीनवर त्याचा स्वतःचा वारिओ लँड निघाला. दोन्ही गेम निन्टेंडोच्या आर अँड डी 1 या टीमचे, आणि त्या टीमचे प्रमुख गुनपेई योकोई, ज्यांनी गेमबॉय बनवला तेच. पुढे योकोईंनी व्हर्च्युअल बॉय काढला तेव्हा टीमही तीच होती, मग त्यांनी वारिओलाच तिकडे नेलं. बनत असताना गेमचं नाव वारिओ क्रूझ होतं. डायरेक्टर हिरोजी कियोताके आणि हिरोफुमी मात्सुओका, त्यातले कियोताके म्हणजे वारिओ ज्यांनी डिझाईन केला ते.

आता मशीन कसं होतं ते सांगितल्याशिवाय गेम कळणार नाही. टेबलावर दोन पायांच्या स्टँडवर एक डबडं ठेवायचं आणि वाकून त्यात डोळे घालायचे. आत प्रत्येक डोळ्यासाठी 224 लाल एलईडींची एक उभी पट्टी आणि समोर सारखा थरथरणारा एक आरसा, तो त्या पट्टीचा उजेड इतक्या वेगाने आडवा फिरवतो की आपल्याला सलग चित्र दिसतं, आणि दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं चित्र दिल्यामुळे आत खोली जाणवते. रंग फक्त लाल आणि काळा, कारण लाल एलईडी स्वस्त होते.

बाकीच्या बऱ्याच गेममध्ये ही खोली नुसती शोभेला होती. वारिओ लँडमध्ये तिच्यावरच खेळ उभा आहे. काही ठिकाणी उडी मारली की वारिओ थेट मागच्या थरात जाऊन पडतो, तिथे छोटासा दिसत पळतो, नाणी गोळा करून परत पुढे येतो. आणि काटेरी गोळे! साखळीला लटकलेला गोळा डावीकडून उजवीकडे नाही तर मागून तुमच्या तोंडाकडे झोका घेत येतो, आणि तो वारिओच्या रेषेत नक्की कधी येणार हे फक्त खोलीवरून ओळखायचं. मी आधी हा गेम कॉम्प्युटरवर सपाट खेळलो होतो तेव्हा या गोळ्यांवर सारखा मरायचो, मला वाटायचं गेमच बेकार आहे. मग मावसभावाच्या जुन्या थ्रीडीएसवर, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरायच्या मशीनवर, चष्मा न लावता थ्रीडी दिसतं त्या स्क्रीनवर खेळलो आणि पहिल्याच झोक्याला गोळा बरोब्बर कुठे आहे ते कळलं. तिथून मी या गेमचा झालो तो झालोच.

आता तारखा बघा म्हणजे नशीब कळेल. मशीन जपानमध्ये 21 जुलै 1995 ला आलं आणि हा गेम 1 डिसेंबरला, अमेरिकेत त्याच्या काही दिवस आधी. जपानमध्ये या मशीनचे शेवटचे गेम 22 डिसेंबरला आले, म्हणजे जेमतेम तीन आठवडे मिळाले याला! अमेरिकेत डब्याबरोबर मारिओज टेनिस फुकट दिला होता, त्याऐवजी हा तयार ठेवून दिला असता तर निदान मशीन कशासाठी आहे ते तरी लोकांना कळलं असतं असं मला मनापासून वाटतं. सगळी मिळून 22 च गेम निघाले, मशीन पावणेआठ लाखांच्या आसपास खपलं, आणि जपान आणि उत्तर अमेरिका सोडून कुठेच विकलं गेलं नाही. आपल्याकडे तर तेव्हा पिवळ्या कॅसेटवाले टीव्ही गेम होते, हे नाव कानावर येणार कुठून!

ज्यांनी खेळला त्यातल्या बऱ्याच जणांनी या मशीनवरचा सगळ्यात चांगला गेम म्हणूनच लिहिलं. तक्रारी दोनच, लाल रंगाने डोळे दुखतात आणि गेम लवकर संपतो. दुसरी पटते, दोन-तीन तासांत होतो, पण दहा खजिने सगळे शोधायचे असतील तर परत परत जावंच लागतं आणि ते मला कधीच जड गेलं नाही.

नंतर तीसेक वर्षं निन्टेंडोने हा अधिकृतपणे कुठेच परत आणला नाही, थ्रीडीएसवरसुद्धा नाही (मी खेळलो तो अधिकृत नव्हता), जिथे तो अगदी फिट बसला असता. सप्टेंबर 2025 मध्ये मात्र स्विच ऑनलाईनवर, म्हणजे निन्टेंडोच्या स्विच मशीनच्या वर्गणी भरून मिळणाऱ्या सेवेवर, व्हर्च्युअल बॉयचे गेम आणायची घोषणा झाली आणि त्यात हा आहे. त्यासाठी डोळ्यांना लावायचं वेगळं डबडं घ्यावं लागतं, पुठ्ठ्याचं स्वस्तातलं पण आहे. खेळणार असाल तर तसाच खेळा, सपाट स्क्रीनवर बघून मत बनवू नका.