माळेसाठी तार कोणती घ्यावी?

प्रश्न : मण्यांच्या माळा ओवताना साध्या तारेला मुरड पडते आणि ती तिथेच तुटते. चांगली तार कशी निवडावी?

उत्तर : नायलॉनचे आवरण असलेली, स्टेनलेस स्टीलच्या पदरांची तार घ्यावी, ती ७, १९ किंवा ४९ पदरांची मिळते आणि पदर वाढतील तशी लवचीक होते, म्हणून गळ्यात नीट रुळणाऱ्या माळेसाठी, महाग पडली तरी, ४९ पदरीच बरी. स्फटिकाच्या किंवा धातूच्या मण्यांच्या भोकाची कड धारदार असल्यास ती आवरण सोलते. तिथे भोकात मावेल तेवढी जाड, साधारण ०.५ मिलिमीटरची तार वापरावी. टोकाला गाठ न मारता क्रिंप मणी (दाबल्यावर तारेला घट्ट धरणारा धातूचा छोटा मणी) दाबून बसवावा, मात्र माळ किंचित सैल ठेवावी, कारण ताणून ओवलेली तार बहुधा क्रिंपपाशीच तुटते.