परकीय भाषेच्या नव्या शिक्षकांसाठी
तयार कार्यपत्रके जमवण्याआधी युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली भाषाक्षमतेची सहा स्तरांची चौकट बारकाईने वाचा. ती विनामूल्य उपलब्ध आहे. ‘ए-१’ या सहांपैकी पहिल्या, सर्वांत प्राथमिक स्तरावरचा विद्यार्थी, समोरचा सावकाश बोलत असल्यास, आपली ओळख करून देऊ शकतो आणि कुठे राहता असे साधे प्रश्न विचारू शकतो, असे तिच्यात म्हटले आहे. म्हणून तासाचे उद्दिष्ट ‘वर्तमानकाळ’ असे न लिहिता ‘शेजारच्या विद्यार्थ्याला त्याचा पत्ता विचारणे’ असे लिहा, म्हणजे काय शिकवायचे आणि काय तपासायचे, दोन्ही ठरते. प्रशिक्षणवर्ग निवडताना प्रमाणपत्रापेक्षा तेथे प्रत्यक्ष पाठ घ्यायला मिळतो का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला तुमच्या तासाला बसवा आणि विद्यार्थी किती वेळ बोलले, एवढेच टिपायला सांगा.